बिनसावलीचा मुहूर्त

सूर्याला कुणाच्या लग्नाशी काही देणंघेणं नाही. हे वाक्य गेल्या मे महिन्यात मी इतक्या जणांना आणि इतक्या चढत्या आवाजात सांगितलं की परत आल्यावर माझा घसा बसला होता. आता तो सुटलाय, म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना शांत, रमणीय प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी दुसरीकडे पाहावं. माझा राग अजून उतरलेला नाही.

बेत तसा साधा होता. मी साताऱ्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. शून्य सावलीचं मला जुनं वेड आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या कुठल्याही गावात वर्षातून दोन दिवस असे येतात की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी सरळ उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गडप होते. दिल्लीकरांना हे भाग्य कधीच नाही, कारण त्यांचं गाव कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. आपल्याकडे दुसरा दिवस ऐन पावसाळ्यात येतो आणि ढगांत जातो, त्यामुळे खरा दिवस मे महिन्यातलाच. साताऱ्याचा आधी येतो. मग सूर्य रोज वीसेक किलोमीटर उत्तरेला सरकत जातो, म्हणजे रमतगमत चाललेल्या बैलगाडीइतका.

म्हटलं, आपणही त्याच्याबरोबर जावं. एके दिवशी अकोला, दुसऱ्या दिवशी अमरावतीजवळचं वलगाव, त्यानंतर दोन दिवसांनी परतवाडा. मधल्या वलगावाला आणखी एक कारण होतं. माझी होस्टेलची मैत्रीण कुंदा अमरावतीला शिक्षिका आहे. तिच्या भाचीचं, पल्लवीचं लग्न नेमकं त्याच दिवशी, त्याच वेळी होतं. कुंदाला फोनवर म्हणाले, "तुझ्या भाचीच्या डोक्यावर अक्षता पडतील तेव्हा सूर्य बरोबर वर असेल." ती म्हणाली, "ये बाई लवकर, आणि टोपी घेऊन ये."

अकोला

वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन साताऱ्याच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे दुपारी माणसं झोपतात. इथं दुपारी गाव नाहीसं होतं. अकोल्याच्या स्टेशनाबाहेर अकरा वाजता रस्ते असे ओस होते की मला वाटलं, कर्फ्यू लागलाय. रिक्षावाल्यानं नखशिखांत दुपट्टा गुंडाळला होता, फक्त डोळे उघडे. त्यानं माझ्या बोडक्या डोक्याकडे पाहून विचारलं, "बाहेरगावचे हाये का मॅडम?" आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या खिशातला कांदा काढून माझ्या हातात ठेवला. लू लागू नये म्हणून. तो कांदा मी चार दिवस पर्समध्ये वागवला.

त्या ओस पडलेल्या गावात एकाच ठिकाणी गर्दी दिसली. बियाण्याच्या दुकानासमोर बाया आणि माणसं उन्हात रांगेत बसली होती, प्रत्येकानं आपल्या जागेवर चप्पल नाहीतर वीट ठेवली होती आणि दोन पोलीस काठ्या घेऊन सावलीत उभे होते. कपाशीच्या एका ठरावीक वाणाची पाकिटं कमी आली होती म्हणे. वऱ्हाडचं नाव सध्या पेपरात एकाच कारणानं येतं. ते कारण मी इथं पुन्हा लिहीत नाही, पण रोजच्या पेपरात त्याची एक चौकट असते आणि लोक ती वाचून पान उलटतात. त्याच पेपरात मी एका पुढाऱ्याचं भाषण वाचलं. वऱ्हाडाचं ग्रहमान फिरलंय, असं तो म्हणाला होता. ग्रहमान! बी मिळत नाही, पाणी नाही, भाव नाही, आणि खापर कुणावर? बिचाऱ्या शनीवर, जो इथून इतका दूर आहे की त्याला पृथ्वीवर अकोला आहे याचाही पत्ता नाही.

माझी उतरण्याची सोय जमील सरांकडे होती. ते उर्दू शाळेतून विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, पत्रव्यवहारातून ओळख झालेले. घरात वाळ्याचा कूलर घरघरत होता. त्यांच्या बेगमनं आल्याआल्या कैरीचं पन्हं दिलं, त्यात पुदिना आणि मिरपूड होती. आमच्याकडे पन्ह्यात वेलची घालतात. मी हे बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "वो तो शरबत हुआ, बाई. ये दवा है."

शाळेच्या मैदानावर आम्ही प्लायवूडच्या फळीवर हातभर पाईप उभा केला. शिक्षक, पालक, आजूबाजूचे दुकानदार असे बरेच लोक जमले. सावली आखडत गेली, पाईपाच्या बुडाशी आली आणि गेली. लोकांच्या तोंडून "अरे!" निघालं. त्या एका "अरे"साठी मी एवढ्या लांब येते.

मग मी बोलले. म्हटलं, हीच काठी आणि हीच सावली माणसाची पहिली दुर्बीण आहे. आपल्याकडे तिला शंकू म्हणत. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक माणसानं ऐकलं की दक्षिणेकडच्या एका गावात अमुक दिवशी विहिरीच्या तळाशी सूर्य दिसतो. त्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या गावात सावली पडत होती. तो घाबरला नाही. त्याला प्रश्न पडला. त्यानं ती सावली मोजली, दोन गावांमधलं अंतर घेतलं आणि अख्ख्या पृथ्वीचा घेर काढला. जागचं न हलता. आपल्याकडेही दीड हजार वर्षांपूर्वी एका तरुण गणितज्ञानं लिहून ठेवलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ग्रहण म्हणजे फक्त सावल्यांचा खेळ. त्याचं आपण काय केलं? त्याच्या पोथीवर टीका लिहिणाऱ्यांनी शतकानुशतकं ती ओळ पिळून पिळून तिचा दुसराच अर्थ लावला. युरोपात निदान उघड छळ केला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावली. आपण छळ केला नाही, हार घातला आणि ऐकलं नाही. यातलं जास्त वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जमील सर नंतर हळूच म्हणाले, "मॅडम, आमची दुपारची, जोहरची नमाज या सावलीवरच चालते. सूरज ऐन डोक्यावर असला तं नमाज नाई. तो ढलला, सावली पूर्वेले सरकली, का वक्त झाला. माहे दादाजी मशिदीच्या आंगनात काडी रोवून बसत." मला फार बरं वाटलं. वर एकच सूर्य, एकच काडी, आणि कुणी त्यावर नमाजाची वेळ काढतं, कुणी लग्नाची, कुणी पेरणीची. वऱ्हाडात अजून सगळे म्हणतात, सूर्य रोहिणीत गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू, मग मृग लागला की पाऊस. हे शकुन नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या वर पाहून लक्षात ठेवलेलं आहे. त्याला मी कधी हसत नाही.

निघताना एका स्थानिक पेपरचा वार्ताहर स्कूटरवरून आला. प्रयोग संपला होता. चांगला पन्नाशीचा माणूस. पाईपाकडे त्यानं पाहिलंही नाही. वही काढून विचारलं, "मॅडम, सावली जाणं शुभ का अशुभ?"

मी तडकले. म्हणाले, "अशुभ काही असेल तर तो हा प्रश्न आहे."

त्यानं लिहून घेतलं आणि गेला.

वलगाव

संध्याकाळच्या बसनं वलगावला पोचले तेव्हा हळद सुरू होती. कुंदाचे भाऊ, म्हणजे पल्लवीचे वडील, मळ्यात वांगी, मेथी आणि झेंडू करतात आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन विकतात. मांडव त्यांच्याच झेंडूनं गच्च भरला होता. साताऱ्याकडे हळदीला नवरीला पाटावर बसवतात आणि ती लाजते. इथं पल्लवी पाटावर बसून आत्याबायांना दमात घेत होती, "डोयात नोका जाऊ देऊ वं, मले सकाळी दिसलं पाहिजे!"

तिला बी.एड.ला अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. घरातली पहिलीच. लग्नाला होकार देताना तिनं एकच अट घातली होती, की बी.एड. पूर्ण करणार. नवरा नितीन नांदगाव पेठेच्या कापडगिरणीत सुपरवायझर, म्हणजे राहणार अमरावतीतच. अट त्याला चालली. अकोल्याला त्याचे काका आहेत, दादाराव. बाप नसल्यानं घरचा कारभार तेच बघतात. बैठकीत त्यांनीही मान डोलावली होती. रात्री जेवताना कुंदा मला म्हणाली, "मान डोलावली, पण तोंड वाकडं करून. त्यांना सून अकोल्याच्या घरी पाहिजे, काकूच्या हाताखाली." मी रोडग्याचा तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवत होते. वऱ्हाडात भाजीवर तेलाचा तवंग बोटभर असतो आणि आम्हा साताऱ्याच्या लोकांना तिखटाचा जो गर्व आहे तो पहिल्या घासाला उतरतो. मी डोळे पुसत म्हटलं, "मान डोलावली ना? मग झालं."

किती बावळट वाक्य होतं ते.

सकाळी मी मांडवाबाहेर अंगणात फळी आणि पाईप मांडून ठेवला. मुहूर्त सव्वाबाराच्या सुमाराचा होता. म्हटलं, अक्षता पडल्या की पाहुण्यांना दाखवू. अकोल्याहून वऱ्हाड आलं. गाड्यांतून उतरणाऱ्या लोकांचे चेहरे पाहून मला आधी वाटलं, उन्हानं उतरलेत. दादाराव काकांच्या हातात पेपर होता. त्यांनी तो कुंदाच्या भावाच्या छातीपाशी धरला.

मथळा असा होता: "आता सावलीही साथ सोडणार". खाली लिहिलं होतं की आज अमरावती परिसरात भरदुपारी माणसांची सावली नाहीशी होईल. आणि शेवटी: साताऱ्याच्या महिला खगोल अभ्यासकाने या घटनेबाबत विचारले असता 'अशुभ' असा शब्द वापरला.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. ज्या जिल्ह्यांत रोज कुणा ना कुणाच्या घरचं माणूस सोडून जातंय, तिथं हा मथळा! त्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. त्याला पक्कं कळत होतं, कुठला शब्द कुठे लागतो ते.

मी पुढं होऊन सांगितलं, ती अभ्यासक मीच. मी असं म्हटलेलं नाही. दादारावांनी माझ्याकडे पाहिलं. उंच, पांढरे कपडे, खिशाला पेन. माणूस शिकलेला. ते म्हणाले, "तुमी म्हटलं का नाई, ते तुमी अन् पेपरवाले पाहून घ्या बाई. आमी केबलवरच्या महाराजांले फोन केला. त्यायनं सांगितलं, सावली नसताना अंतरपाट धरला तं त्या घरातून वर्षाच्या आत माणूस जाते."

 पल्लवीची आई मटकन खाली बसली.

"लग्न मोडून नाई राह्यलो आमी," दादाराव पुढं म्हणाले. आवाज मुद्दाम मऊ केलेला. "महाराजांनी उपाय देल्ला. लग्न होऊ द्या. पण मुलीनं वर्षभर सासरचा उंबरठा ओलांडाचा नाई. अकोल्यातच राहाचं, घरात. कॉलेज-बिलेज पुढच्या पुढं पाहू."

तेव्हा मला कळलं. या माणसाला सूर्याची काडीची भीती नव्हती. बैठकीत जे मागायला जीभ रेटली नाही, ते तो आता आकाशाच्या नावानं मागत होता.

मी भांडले. आवाज चढवून भांडले. म्हटलं, सावली नाहीशी होत नाही हो, पायाशी गोळा होते. सूर्य डोक्यावर येतो, एवढंच. आणि वर बघा जरा, हा मांडव आहे. कापडाखाली कुणाची सावली पडते? आजच काय, बारा महिने मांडवातल्या लग्नात कुणाची सावली पडत नाही. मग आजवर लागलेली सगळी लग्नं अशुभ का? आणि हा दुपारचा मुहूर्त तुमच्याच पंचांगातला आहे. त्याला अभिजित म्हणतात, दिवसातला सगळ्यात उत्तम मानतात. तो सूर्य डोक्यावर येण्यावरच ठरवलेला असतो. ज्यानं मुहूर्त काढला त्यानं सावली मोजूनच काढला!

भटजी हे ऐकून अस्वस्थ झाले. त्यांना दुसऱ्या लग्नाला जायचं होतं. तेवढ्यात व्हिडिओ शूटिंगवाला पुढं आला आणि अगदी मनापासून म्हणाला, "सावलीच पाहिजे न? माह्या हॅलोजन लावतो. नवरा-नवरीच्या मांगं मस्त पडते सावली. लंबी."

मांडवात सुटकेची एक कुजबूज झाली. भटजींनीही मान हलवली. खरं सांगते, त्या क्षणी मी हॅलोजनलाही तयार होते. दोन हजार वर्षांचं खगोलशास्त्र एका दिव्यापुढं हरलं तर हरू दे, मुलीचं कॉलेज वाचू दे. कुंदाच्या भावानं आशेनं हात जोडले. पण दादाराव म्हणाले, "लाईट-बिट नाई चालत. घरात राहाचं म्हंजे राहाचं." मग मात्र मांडवातल्या प्रत्येकाला कळलं, भांडण कशाचं आहे ते. आणि तरी कुणी बोललं नाही. मुलीकडची माणसं ना ती.

नितीन बाशिंग बांधून खुर्चीवर बसला होता. तो रुमालानं मान पुसत होता.

एवढ्यात पल्लवी घरातून बाहेर आली. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातात नारळ. तिनं सगळं आतून ऐकलं होतं. ती मांडवात थांबलीच नाही. सरळ चालत मांडवाच्या पलीकडं, अंगणात, माझ्या पाईपाशी जाऊन उभी राहिली. भर उन्हात. तिचे पाय अनवाणी होते आणि ती जमीन तव्यासारखी तापलेली होती. पाईपाची सावली बुडाशी गेली होती, जेमतेम बोटभर उरली होती.

"काकाजी," ती ओरडून म्हणाली, "इकडे या. पाहा, माही सावली गेली. खरं हाय महाराजांचं. आता तुमी या. तुमची बी जाईल. मंग तुमी बी वर्षभर घरात बसा. बैठकीले जाऊ नोका, बाजारात जाऊ नोका. महाराजांले बी फोन करा अन् सांगा, घरात बसा मनावं. त्यायच्यावर काय दुसरा सूर्य हाय?"

कुणीतरी हसलं. दादाराव जागचे हलले नाहीत. मांडवाच्या कापडाची कड जमिनीवर जिथं संपत होती, तिच्या आत त्यांचे बूट होते आणि त्यांनी ते आणखी थोडे आत घेतले. शिकलेला माणूस! महाराजांना मनातून तोही थोडासा भ्याला होता, हे पाहून मला आणखीच संताप आला.

मग पल्लवीचा आवाज खाली आला. ती नितीनकडे पाहत होती.

"तुमी या," ती म्हणाली. "बाकी कोणी नाई आलं तं चालते. तुमी माह्यासंगं इथं उभे राहा, अन् सांगा की मी कॉलेजात जाईन. मंग मी आताच्या आता अंतरपाटामांगं येते."

नितीन अर्धवट उठला. काकांकडे पाहिलं. बसला. परत उठला. मुलगा वाईट नव्हता, आणि याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडता येतं. त्यानं मुंडावळ्या सारख्या केल्या, घड्याळ पाहिलं. काकांनी त्याच्या दंडावर हात ठेवला, जोर न करता, नुसता. तो तसाच उभा राहिला.

पल्लवी उन्हात उभीच होती. तिची आई, कुंदा, दोघी-तिघी आत्या तिला ओढायला गेल्या, तिनं कुणाला हात लावू दिला नाही. मी छत्री धरायला गेले तर म्हणाली, "मॅडम, छत्री नोका धरू. सावली पडते." मी छत्री मिटून तिच्या शेजारी उभी राहिले. घाम थेंब थेंब डोळ्यांत जात होता. पाईपाची सावली पार नाहीशी झाली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या दृश्याचा आनंद झाला नाही. मग ती दुसऱ्या बाजूनं, पूर्वेला, निघायला लागली. बोटभर. चार बोटं. मुहूर्त कधीच टळला होता. पल्लवीच्या पायाशीही आता एक काळी कड दिसत होती.

तेव्हा काकांनी नितीनच्या दंडावरचा हात काढला. पुतण्याच्या कानात काही म्हणाले. आणि नितीन बाहेर आला.

तो अंगणात येऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "चाल," तो म्हणाला, "काका मनतात, आता काई दोष नाई. कॉलेजचं घरी गेल्यावर पाहू."

पल्लवीनं त्याच्या पायाकडं पाहिलं. त्याच्या बुटांच्या बाजूला सावलीची पट्टी पडली होती.

"तुमी सावली पाहून आले," ती म्हणाली.

आणि घरात निघून गेली. दार लावलं नाही, आदळलं नाही. आतून बांगड्या काढल्याचा आवाज आला तेव्हा बाहेर सगळ्यांना कळलं.

वऱ्हाड न जेवता परत गेलं. फक्त गाड्यांचे ड्रायव्हर जेवून गेले, आणि ते बरं केलं. पल्लवीचे वडील बराच वेळ मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. मग त्यांनी गावाला पंगतीला बसवलं. म्हणाले, "पुरनाचे मांडे केलेले हायेत. टाकाचे कसे?" मांडे म्हणजे उपड्या खापरावर भाजलेली, पदरासारखी पातळ पुरणाची पोळी. एरवी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी ती कशी लागली, आठवत नाही.

परतवाडा

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला परत निघाले होते. कुंदानंच थांबवलं. म्हणाली, "उद्या परतवाड्याला जा, आणि हिला घेऊन जा. सकाळपासून बाया कशा ना कशाच्या निमित्तानं येतात आणि हिच्या तोंडाकडे पाहत बसतात."

खरंच येत होत्या. कुणी दही मागायला, कुणी सुई. एकीनं तर, "आमच्या पोट्टीवर सावली नको पडू देऊ व तुही," असंही म्हणून घेतलं. काल सावली गेली म्हणून भीती, आज सावली पडते म्हणून भीती. आणि संध्याकाळी केबलवर ते महाराज आले. मी मुद्दाम बसून ऐकलं. नावं न घेता त्यांनी सांगितलं की एका घरानं बिनसावलीच्या मुहूर्ताचा इशारा मानला नाही आणि काय झालं ते सर्वांसमोर आहे. म्हणजे दादारावांनी जे मोडलं, नितीनला जे पेललं नाही, ते सगळं महाराजांच्या भविष्याच्या खात्यावर जमा. ग्रहांची गणितं मांडण्यात माणसांनी आयुष्यं घालवली. मंगळ आकाशात मधेच उलटा का चालतो एवढं एक कोडं सोडवायला एकाची ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातून ग्रहांच्या खऱ्या वाटा कळल्या. आणि इथं एक मनुष्य कपाळाला गंध लावून खुर्चीत बसतो आणि त्याचं म्हणणं कधी चुकूच शकत नाही. लग्न झालं असतं आणि वर्षभरात कुणी आजारी पडलं असतं, तरी तो बरोबर. मोडलं, तरी बरोबर. ज्या बोलण्याला चुकण्याची सोयच नाही त्याला ज्ञान म्हणायचं नसतं, हे मी तीस वर्षं शिकवलं. कुणाला शिकवलं कोण जाणे.

सकाळी आम्ही दोघी वलगावच्या फाट्यावरून परतवाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये बसलो. वऱ्हाडातल्या जीपमध्ये जागा नाही असं कधी नसतं, "सरका न जरा" एवढंच असतं. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं, नांगरून ठेवलेली. लांबवर उत्तरेला मेळघाटाचे डोंगर धुरकट दिसत होते. पल्लवी साध्या सुती ड्रेसमध्ये, ओढणी डोक्यावरून घेऊन बसली होती. हाताची मेंदी तिनं ओढणीखाली झाकली होती. मी तिला विचारलं, पुढं काय. म्हणाली, "काय पुढं? कॉलेज हाय न." मग थोड्या वेळानं, "रडली मी काल, मॅडम. तुमी झोपल्यावर. तो चांगला वाटत होता मले."

 मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आमच्या समोरच्या बाकड्यावर एक गृहस्थ बसले होते. साठीचे, धोतर, मांडीवर भाज्यांच्या रोपांची टोपली. शेजारच्याशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या आणि जीपच्या आवाजामुळे ते मोठ्यानं बोलत होते.

"परवा वलगावात काय झालं, आयकलं का?" ते म्हणाले. "लग्नाच्या टाईमले नवरीची सावलीच नाई पडली. पेपरात आधीच देल्लं होतं. नवरदेव अंतरपाटाशी उभा, अन् पोट्टी आंगनात उभ्या उभ्या खाली पडली. मेली बिचारी. लोकायनं मांडवातूनच उचलली मनते."

"च्‌ च्‌," शेजारचा म्हणाला. "कोनाची होती?"

"माळ्याची. शिकलेली होती."

मी तोंड उघडलं. चार दिवसांचा राग जिभेवर आला होता. पण पल्लवीनं माझा हात दाबला.

"काका," ती म्हणाली, "मेली नाई ते."

"अवं, मले पक्कं मालूम हाय. माहा साळा तिथंच..."

"मेली नाई. बी.एड.ले चालली ते. मीच हावो."

 ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. पल्लवीनं ओढणी डोक्यावरून मागं सारली. त्या गृहस्थांनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. टोपली छातीशी धरून ते वाकले आणि आधी तिच्या पायांकडे पाहिलं, पावलं उलटी आहेत का ते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पल्लवीनं शांतपणे चप्पल काढली. उन्हात उभं राहून तळव्याला आलेले फोड अजून फुटायचे होते, आणि नखांच्या कडांना हळद होती. तिनं दोन्ही पाय उचलून त्यांच्या बाकड्यावर, टोपलीच्या शेजारी ठेवले.

"पाहून घ्या नीट, काका," ती म्हणाली. "अन् आता पुढच्या गावात हे बी सांगा."